शेवटचं पान आधी

तिसरी शाल माझ्या खांद्यावर पडायची होती. मिरासदारांच्या पत्नीने ती उलगडलीही होती. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. हसल्या. शालीची घडी परत घातली.

"हिला कशास? ही आपल्या घरचीच. जा गे, कॉफी आण."

पन्नासचं दशक संपत आलं होतं. तंजावूरच्या वाचनालयात गुन्हेकथा लिहिणाऱ्या बायकांचं वाचन ठेवलं होतं. बायका खुनाच्या गोष्टी लिहितात याचंच लोकांना नवल, म्हणून सभागृह भरलेलं. आम्ही तिघी तमिळ साप्ताहिकांत लिहायचो. एक कुंभकोणमच्या वकिलाची बायको. एक मुख्याध्यापिका. तिसरी मी. अध्यक्ष होते मिरासदार, गावचे मोठे जमीनदार, आम्हा मायलेकींसारखेच घरात मराठी बोलणारे. माझी आई त्यांच्याकडे स्वयंपाक करायची. मी त्यांच्या परसदारी वाढले. म्हणून घरची.

मी खुर्चीवरून उठले. उठायचं ठरवलं नव्हतं, पाय उठले. मागच्या खोलीत कॉफी तयार होती. शेवटच्या रांगेतून आईही आली, सवयीने. तिने पेले भरले, मी फिरवले. वकिलाच्या बायकोने पेला घेतला. वर पाहिलं नाही.

माझं वाचन सर्वांत शेवटी होतं. कथा साधी होती. एका श्रीमंत घरातला म्हातारा संध्याकाळची कॉफी पिऊन मरतो. पोलीस स्वयंपाकिणीला पकडतात. खून पुतण्याने केलेला असतो. ते शेवटच्या पानावर कळतं.

मी स्वयंपाकिणीच्या अटकेपर्यंत आले. मिरासदार उठले आणि माझ्यासमोरचा माइक त्यांनी स्वतःकडे ओढला.

"वेळ झाली. गुन्हेगार सापडला, स्वयंपाकीणच. उद्यापासून हिच्या आईच्या हातची कॉफी जपून प्यायला हवी."

सभागृह हसलं. मिरासदारांनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. मी मागे पाहिलं. आई टाळ्या वाजवत होती. धनी वाजवत होते, म्हणून तीही.

त्या टाळ्यांनी मला बोलायला लावलं.

"अजून एक पान आहे. खून तिने केलेला नाही."

"कळलं ना आम्हाला. बस आता," मिरासदार म्हणाले. कोणीतरी माइक बंद केला.

मी माइकशिवाय वाचू लागले. लोक उठले. खुर्च्या सरकल्या. दाराशी चपला शोधण्याची गर्दी झाली. मी आवाज चढवला, तो फाटला. पुतण्याचं नाव त्या गोंगाटात पडलं. कोणी ऐकलं नाही. मुख्याध्यापिका आपली शाल नीट करत पायऱ्या उतरून गेल्या. शेवटची ओळ मी रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवली. आई तेवढी बसून होती. मान खाली.

घरी जाताना ती एकच वाक्य बोलली. "उद्या त्यांच्या दारात मी कोणत्या तोंडाने जाऊ?"

दुसऱ्या दिवशी पहाटे ती कामावर गेली. परसदारी उभी राहून तिने माझ्या वतीने माफी मागितली. पोरीचं डोकं फिरलं म्हणाली. बाईसाहेबांनी मोठ्या मनाने माफ केलं. हे मला शेजारणीकडून कळलं. मी आईला काही विचारू शकले नाही. आमच्या घरची चूल तिच्या त्या माफीवर पेटत होती. ती पुढेही त्याच घरी राबली, हात थकेपर्यंत. मी ते थांबवू शकले नाही.

पण ती माफी माझी नाही. मी मागितली नव्हती, आजही मागत नाही.

त्यानंतर पापनाशमला बोलावणं आलं, मग आणखी गावांतून. मी जाते. शाल घेत नाही. उभी राहते आणि शेवटचं पान आधी वाचते. खून कोणी केला, त्याचं नाव पहिल्या वाक्यात. संयोजक वैतागतात. रहस्यकथा अशी वाचतात का, विचारतात. सगळी गंमत गेली म्हणतात.

जाऊ दे. ज्याने केलं त्याचं नाव आधी. मग माइक बंद करा.