बोटाखाली नसलेलं वचन

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, आमच्या चर्चच्या पाळकांना तर नाहीच. देवाला ठाऊक आहे, ते वेगळं. माणसाला सांगायची ही पहिलीच वेळ, तेव्हा थोडं चाचपडत सांगेन.

आधी घर सांगते, कारण घर सांगताना माझी मान ताठ होते. पलूसच्या पुढं कृष्णाकाठी आमचं गाव. वडील सांगलीला हळदीच्या पेठेत हमाल. रविवारी पांढरा सदरा घालून उपासनेला यायचे, पण मानेच्या घड्यांतली हळद काही निघायची नाही. आई द्राक्षबागेत मजुरीला. घर पत्र्याचं, दोन ताटं, आणि तिसऱ्यानं कुणाचं तरी जेवण व्हायची वाट बघायची. आईला अक्षर येत नव्हतं. तरी ती पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, टॉवेलात गुंडाळून, दोन्ही हातांनी धरून प्रार्थनामंदिरात न्यायची आणि वाचन सुरू झालं की मांडीवर उघडून बसायची. कधी कधी उलटं. मी शेजारून गुपचूप सुलटं करायची. शास्त्रावर तिनं कधी चष्म्याची डबीसुद्धा ठेवू दिली नाही. देवाचं भय म्हणजे काय, हे मी उपदेशातून नाही शिकले, तिच्या हातांकडं बघून शिकले.

त्या घरातून मी मलकापूरला मावशीकडं राहून पदवीधर झाले. आमच्या गल्लीतली पहिली. हे मी कुठंही सांगते, विचारलं नाही तरी सांगते. अभिमान आहे, लपवायचा कशाला?

पण त्याच अभिमानात हे घडलं.

महापुराच्या वर्षीची गोष्ट. पाऊस थांबत नव्हता, धरणातून पाणी सोडल्याच्या बातम्या येत होत्या. ग्रामपंचायतीची रिक्षा कर्णा लावून फिरली – जनावरं घेऊन वर निघा, स्टँडवर ट्रॅक्टर उभे आहेत. गल्लीत दोन तट पडले. जुनी माणसं म्हणत, आजवर पाणी गल्लीपर्यंत कधी आलं नाही. तरणी म्हणत, निघू. पाळक सांगलीत अडकलेले, रस्ते बंद. मग दुपारी सगळे प्रार्थनामंदिरात जमलो, आणि कुणीतरी म्हणालं, वचन काढा.

आमच्यात ही एक रीत आहे. अवघड वेळ आली की वाचणाऱ्यानं डोळे मिटून शास्त्र उघडायचं, बोट ठेवायचं आणि बोटाखालची ओळ मोठ्यानं वाचायची. पाळकांना हे पसंत नाही, ते म्हणतात देवाची अशी परीक्षा बघू नये. पण पाळक नव्हते. वाचणारी मी होते.

"एस्तेर, तू काढ. तू शिकलेली हायस," शालनकाकी म्हणाली.

शालनकाकी आमच्या शेजारची. नवरा लवकर गेला. दोन म्हशींवर तिनं घर चालवलं, पोरींची लग्नं केली. माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाला खरवस बांधून देणारी तीच.

मी डोळे मिटले. प्रार्थना केली – खरी केली, तेवढं मनापासून सांगते. बोट ठेवलं, डोळे उघडले. बोटाखाली नावं होती. नुसती नावं. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला. पाणी नाही, आसरा नाही, जा नाही, राहा नाही.

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? जे होतं ते वाचायचं. नाहीतर म्हणायचं, इथं आपल्यासाठी काही नाही, उठा, ट्रॅक्टर उभा आहे. एवढंच. देवाला भिणाऱ्या माणसाला हे अवघड होतं का?

पण सगळी माझ्या तोंडाकडं बघत होती. डोक्यावर पदर घेतलेल्या बायका, भिंतीला टेकलेले म्हातारे, माझे वडील. पदवीधर पोरगी काय वाचते म्हणून. आणि मी नावं वाचणार? माझा चुलतभाऊ मागून हसला असता – इतकी शिकली आणि हिला वचनबी घावंना. मी त्या हसण्याला भ्याले. देवाला नाही.

मी बोट तिथंच ठेवलं. आणि पाण्याबद्दलचं एक दुसरं वचन, पूर तुला बुडवणार नाही अशा अर्थाचं, मला पाठ होतं – ते वाचल्यासारखं म्हटलं. डोळे ओळीवर ठेवून. जिथं थांबायचं तिथं थांबून.

लोक रडले हो. वडिलांनी डोळे पुसले. शालनकाकी म्हणाली, चला, मिटलं. ट्रॅक्टर आमच्या गल्लीतली थोडीशीच माणसं घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडायला पाणी गल्लीत. दुपारी जवानांची बोट आली. बोटीत माणसं मावतात, म्हशी नाही. शालनकाकी गोठ्यात छातीभर पाण्यात शिरली आणि दोन्हींची दावी सोडली. "जावा गं बायांनो, मला काय आता तुमास्नी धरून ठिवता येत न्हाई," एवढंच म्हणाली. बोटीत ती माझ्या शेजारी बसली. तिचा पदर थंडगार होता. म्हशी परत मिळाल्या नाहीत.

पलूसला शाळेत आमची सोय झाली होती. तिथं व्हरांड्यात भाकरी वाढून घेताना आईनं मला हळूच विचारलं.

"ते वचन तुझ्या बोटाखालचंच हुतं न्हवं?"

"व्हय आई."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग भाकरी मोडली. पुन्हा कधी विचारलं नाही. तिला कळलं होतं का? – मला आजही माहीत नाही. आणि विचारायची माझी छाती नाही.

पाणी ओसरल्यावर मंदिरातला गाळ काढला, देवाचे आभार मानायला उपकारस्तुती ठेवली. साक्ष द्यायला सगळ्यात आधी उठली ती शालनकाकी. "म्हशी गेल्या," ती म्हणाली, "पर माणूस एक गेलं न्हाई. वचन खरं झालं." आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून खाली बसली. त्यानंतर प्रभुभोजन होतं, प्रभूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर वाटून खायची. आपलं मन तपासून मगच भाकर घ्यायची, मनात काही असेल तर मागं बसून राहायचं, हे आमच्यात लहान पोरालाही ठाऊक. तेव्हाही मागं बसता आलं असतं मला. पण बसले असते तर लोकांनी विचारलं असतं ना, का बसलीस? मी पुढं गेले. हात पसरला. भाकर घेतली. खाल्ली.

काही झालं नाही. जीभ जळली नाही, छप्पर पडलं नाही. पाळकांनी आशीर्वाद दिला, चहा झाला. आणि चहाचा कप हातात असताना मला पहिल्यांदा देवाचं भय वाटलं. शिक्षेचं नाही. मी त्याच्या तोंडी माझे शब्द घातले होते आणि तो गप्प राहिला होता. त्या गप्प राहण्यापुढं मी किती लहान होते, ते कळलं. आई पुस्तकाला दोन्ही हात का लावते, तेही कळलं.

तरी मी उठून बोलले नाही. नंतरही नाही. पुढं करायला कारणं पुष्कळ आहेत, पण त्यातलं एकही खरं नाही. मी भ्याले, माणसांना.

एक मात्र केलं. त्या हिवाळ्यात, बागेचं काम आटपून बायका परतल्या की मंदिरात बसून त्यांना अक्षर शिकवायला लागले. पहिल्या दिवशी आई आणि शालनकाकी, दोघीच. काकी म्हणाली, "आता ह्या वयात मला काय कलेक्टर करतीस व्हय गं?" पण यायची. चष्मा करून घेतला तिनं. वर्षं लागली. बायका भांडल्या, कंटाळल्या, घरी बसल्या, परत आल्या. त्यानं माझं पाप फिटलं असं मी म्हणत नाही. दोन म्हशी अक्षरांनी परत येत नाहीत, आणि काकीची साक्ष अजून तशीच उभी आहे, माझ्या खोट्यावर.

पण कुणी एकीनं वाचायचं आणि बाकीच्यांनी तिच्या तोंडाकडं बघायचं, हे मात्र आमच्याकडं आता उरलेलं नाही. गल्लीतली पहिली वाचणारी बाई मी होते. आज आमच्या गल्लीत वाचता न येणारी बाई एकही नाही.