बॅटरीतलं खारं पाणी

आईला दमा होता, आणि थंडीत रॉकेलच्या दिव्याचा धूर तिला अजिबात सोसत नसे. पनवेलच्या खाडीकाठच्या आमच्या गावात तेव्हा वीज यायची होती. म्हणून बाबांनी बाजारातून मोटारीची जुनी बॅटरी आणि एक चिमुकला बल्ब आणला. गावात आमचा भाव एकदम वधारला. संध्याकाळी बायका नुसता तो पिवळा उजेड बघायला यायच्या, आणि दिवा जणू मीच शोधून काढलाय अशा तोऱ्यात मी त्यांना आत सोडायची. काय सुखाच्या संध्याकाळी होत्या त्या!

पौषात गारठा वाढला की बॅटरी मलूल व्हायची. आईनं तिला लुगड्याची गोधडी शिवली. मला फाटकी वाकळ आणि बॅटरीला नवी गोधडी! मी चांगली धुसफुसले.

बाबा मिठागरात काम करत. बॅटरी चार्ज करून देणाऱ्या दुकानदारानं त्यांना एक काचेची नळी दिली होती. तिच्यात बॅटरीतलं पाणी ओढायचं. आतला तरंगा वर राहिला तर बॅटरी भरलेली, बुडाला तर उतरलेली. बाबा खूश. मिठागरातल्या पाण्याचा दाटपणाही ते अशाच तरंग्यानं बघत. एका थंडीत तरंगा बुडाला. बॅटरी बाजारात न्यायची सोडून बाबा म्हणाले, "पानी पातल झालंय, दुसरं काय नाय." मिठागरातलं, मीठ धरायला आलेलं दाट पाणी त्यांनी तांब्याभर आणलं आणि बॅटरीत ओतलं. तरंगा टुणकन वर आला. बाबांनी मिशीवरून हात फिरवला.

थोड्याच वेळात घसा जाळणारा उग्र वास घरभर झाला. आईचा श्वास अडकला, ओठ काळेनिळे पडले. आम्ही दोघांनी तिला उचलून अंगणात आणलं. ती जाते की काय या भीतीनं मी बाबांना तोंडाला येईल ते बोलले. अंगणातल्या वाऱ्यावर तिचा श्वास हळूहळू परतला. बॅटरी मात्र कामातून गेली. तिच्यातल्या तेजाबात मीठ पडलं की विषारी वायू सुटतो, हे दुकानदारानं मागाहून सांगितलं.

आईनं कधी दोष दिला नाही. पण नवी बॅटरी आली तेव्हा बाबांनी तिला हात लावला नाही. "माज्या हातालाच मीठ हाय," म्हणायचे. दुकानातून आणलेलं शुद्ध पाणी आईच बेतानं घाली आणि बाबा लांब उंबऱ्यावर बसून बघत. त्यांना तसं बसलेलं बघून माझा जीव तुटायचा.

पुढे गावात वीज आली, पण तिचा काही नेम नसे. बॅटरी गोधडीत तशीच राहिली. अशाच एका पौषात दिवेलागणीला वीज गेली. बॅटरीतलं पाणी खाली गेलं होतं आणि आई अंथरुणाला खिळलेली. मी बाटली घ्यायला उठले, तर तिनं मला हातानंच थांबवलं.

"तुमीच घाला," ती बाबांना म्हणाली.

बाबांनी हात धुतले. पुसले. राखेनं घासून पुन्हा धुतले. आई घालायची तसं बेताबेतानं पाणी ओतलं. मग त्यांनी गोधडी नीट लपेटली, बल्ब लावला आणि आईकडे वळून विचारलं, "वास येतो काय गं?"

आईनं मुद्दाम नाकानं, छातीत मावेल तेवढा लांब श्वास घेतला.

"नाय," ती म्हणाली. "कसलाच नाय."