जंगबारहून आलेलं मृत्युपत्र

माझा एकुलता एक काका आफ्रिकेत जंगबारला वारला, ही बातमी आम्हाला ठाण्यात कळली ती तीन महिन्यांनी. पत्रापाठोपाठ त्याची पेटी आली. तीत सुतारकामाची हत्यारं, दोन सदरे, जपमाळ आणि एक मृत्युपत्र होतं. काका तिकडे बंदरावर गलबतं दुरुस्त करायचा. त्यानं लग्न केलं नव्हतं. इकडे तळ्याजवळचं घर आणि खाडीकडचं भाताचं शेत त्याच्या नावावर होतं. घरात आत्या राहायची. आजी लवकर गेली, तेव्हा आत्यानंच माझ्या वडिलांना आणि काकाला वाढवलं. त्यात तिचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं.

मी तेव्हा मिशनच्या शाळेत मुलींना शिकवत होते, म्हणून कागद वाचायचं काम माझ्याकडे आलं. घर आणि शेत, दोन्ही काकानं आत्याला दिलं होतं. वडिलांचं नाव कुठेच नव्हतं.

"पुन्हा वाच," वडील म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. ते ओसरीवर जाऊन बसले. त्यांचं स्वतःचं घर होतं, शेती होती. त्यांना या शेताची हाव नव्हती. पण भावानं शेवटच्या कागदात आपलं नावही घेऊ नये, हे त्यांना फार लागलं.

आत्याला ते बघवेना. वकिलांनी सांगितलं होतं, मृत्युपत्र शाबीत झालं नाही तर आम्हा ख्रिस्ती लोकांच्या कायद्यानं दोघांना निम्मं निम्मं मिळेल. "मग फाडून टाका की तो कागद!" आत्या म्हणाली.

"गप बस," वडील तिच्यावर खेकसले. "त्यानं लिहिलंय तसंच होईल."

शाबीत करायला साक्षीदार हवा होता. कागदावर दोघांची साक्ष होती. एक गोव्याचा शिंपी; काका ज्या तापाच्या साथीत गेला, तीतच तोही गेला होता. दुसरा आचारी. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून त्यानं निशाणी काढली होती आणि लिहिणाऱ्यानं शेजारी त्याचं नाव घालून 'राहणार कळवा' असं लिहिलं होतं.

आम्ही तिघं होडीनं कळव्याला गेलो. नशिबानं तो म्हातारा आचारी मागच्याच हंगामात घरी परतला होता. अंगणात बसून जाळं सांधत होता. आम्ही कोण हे कळताच त्यानं जाळं बाजूला ठेवलं. मी कागदाचा विषय काढणार, एवढ्यात आत्यानं विचारलं, "शेवटी त्याच्या तोंडात काही गेलं का रे?"

"पेज गेली, बाय. मीच भरवली. सुक्या बोंबलाचा तुकडा मागत व्हता, पन दाक्तरानं नको सांगितलेलं."

"द्यायचा होतास."

"दिला," म्हातारा हळूच म्हणाला.

आत्यानं पदर तोंडाला लावला. मग वडिलांनी खाली बघत विचारलं, "माझ्याविषयी काही बोलला होता?"

"तुमी थोरले ना? लिवनाऱ्यानं इचारला व्हता, भावाला काय? तर म्हनला, त्याचं नाव घालू नको. कागदावर घातला तर रागवेल. म्हनेल, मला काय परका समजलास?"

वडिलांनी प्यायला पाणी मागितलं. पाणी आलं, तरी तांब्या कितीतरी वेळ नुसताच त्यांच्या हातात होता.

कोर्टात मात्र आमचं धाबं दणाणलं. जज्जसाहेबांनी म्हाताऱ्याला त्याची निशाणी पुन्हा काढायला सांगितली. त्यानं टाक घट्ट धरून एक वल्हं काढलं. शिरस्तेदारानं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि मान हलवली. "जुळत नाही, साहेब. मृत्युपत्रावर पळी आहे."

आत्यानं माझा हात धरला. म्हातारा मात्र शांत होता.

"तिकडं मी आचारी व्हतो, साहेब. हातात दिवसभर पळीच. इथं मी होडी मारतो. मंग वल्हं नको काढू?"

साहेबांना दुभाष्यानं हे सांगितलं तसे ते हसले. त्यांनी कोरा कागद दिला आणि पळी काढायला सांगितली. म्हाताऱ्यानं काढली, दांडा लांब, टोकाला आकडा. ती मृत्युपत्रावरच्या पळीशी अगदी हुबेहूब होती. मग त्यानं कागद कुठे लिहिला गेला, कोण कुठे बसलं होतं, काकानं सही करताना उशीला कशी पाठ टेकली होती, सगळं सांगितलं. त्याच्या तोंडून ते ऐकताना मला ती परकी खोली दिसू लागली.

महिन्याभरात निकाल लागला. घर आणि शेत आत्याच्या नावावर झालं. त्या दिवशी आत्यानं म्हाताऱ्याला जेवायला बोलावलं आणि तो पुरे म्हणेपर्यंत तांदळाच्या भाकऱ्या वाढत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील शिडी घेऊन तिच्या घरी गेले आणि छपरावर चढले. फुटकी कौलं काढून नवी घालायची होती. "या वयात वर कशाला चढतोस?" आत्या खालून ओरडत होती. "मजूर मिळत नाहीत का?"

"तू कौलं दे वर," वडील म्हणाले.

आणि ती एकेक कौल पुसून वर देऊ लागली.