सरकारमान्य कुत्र्याची छत्री

आप्पाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅरेजात विंटर टायर लावून घेत होते. "गेले गं," काकू म्हणाली आणि जरा थांबून, "पण टायर लावूनच ये. त्यांनी तेच सांगितलं असतं." मी टायर लावूनच गेले. सहा आठवडे झाले त्याला.

काकांनी आयुष्यभर वॉटर्लूत रसायनशास्त्र शिकवलं. ॲसिडला घाबरले नाहीत, डीनला घाबरले नाहीत. बिचकत ते फक्त मश्रूमला. पिझ्झावरचा एकेक तुकडा काट्याने वेचून ताटाच्या कडेला लावत आणि म्हणत, "कुत्र्याची छत्री कुत्र्यासाठी असते." मग कॅन्सर निघाला, तोही पसरलेला, आणि हा माणूस मरणाला इतका घाबरला की एकटा राहीना. वॉशरूमचं दार मिटू नये म्हणून फटीत काकूची चप्पल अडकवून ठेवत. काकूने बाहेर स्टूलवर बसून बोलत राहायचं. काहीही... भाजीचे भाव, शेजाऱ्यांचं कुत्रं. ती श्वास घ्यायला थांबली की आतून हाक, "आहेस ना?"

झोपेच्या, भीतीच्या गोळ्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी सायलोसायबिन सुचवलं. मश्रूममधलं औषध, पण प्रयोगशाळेत बनवलेलं. थेरपिस्टच्या देखरेखीखाली एकदाच घ्यायचं. काहींची मरणाची भीती त्याने कमी होते, सगळ्यांची नाही. मात्र दर पेशंटमागे डॉक्टरांनी ओटावाची, म्हणजे केंद्र सरकारची, वेगळी परवानगी काढायची. "म्हणजे कुत्र्याची छत्री," काका म्हणाले, "आणि तीही सरकारला विचारून!"

ओटावाने आणखी माहिती मागवली. मग आणखी. "माझ्याकडे वेळ नाही हे सिद्ध करण्यातच माझा वेळ चाललाय," काका म्हणायचे. मी दर सोमवारी नऊच्या ठोक्याला डॉक्टरांच्या ऑफिसात फोन करत होते. रिसेप्शनिस्ट माझा आवाज ऐकताच सुस्कारा टाकायची. ज्यांना अशी चिवट पुतणी नाही त्यांनी काय करायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

परवानगी आली. क्लिनिकमध्ये मंद दिवा, सोफा, डोळ्यांवरची पट्टी, मेगन नावाची गोड थेरपिस्ट. तिने वाटीतून कॅप्सूल पुढे केल्या. काकांनी एक उचलून दिव्यापुढे धरली. "जिलेटिन?"

मेगन म्हणाली, "प्रॉबेब्ली बीफ."

काकांनी कॅप्सूल वाटीत परत ठेवली.

"काका!" मी म्हणाले. "ओटावा हो म्हणालंय!"

"ओटावाने गाय खावी. मी नाही."

मी सगळं तपासलं होतं; पार्किंग, ब्लँकेट, काकूचा डबा. कॅप्सूलचं कवच तेवढं राहिलं होतं. मेगनने डॉक्टरांना फोन लावला, डॉक्टरांनी फार्मसिस्टला. बऱ्याच वेळाने निरोप आला : उघडून पाण्यात चालेल. काकूने पर्समधून फुलपात्र काढलं. ती त्याशिवाय घराबाहेर पडत नाही. काकांनी एका दमात पिऊन तोंड वेडंवाकडं केलं. "म्हटलं नव्हतं? कुत्र्याचीच आहे."

संध्याकाळी आम्हाला आत बोलावलं. काकांचे डोळे सुजले होते. "काय दिसलं हो?" काकूने विचारलं.

"फार काही नाही. मी आपल्या बेसमेंटमध्ये होतो. फर्नेस चालू होती, ऊब येत होती... मग ती बंद झाली." त्यांनी अंगावरचं ब्लँकेट बाजूला सारलं. "आणि मला थंडी वाजली नाही."

घरी पोहोचल्यावर ते वॉशरूमला गेले. चप्पल पायाने बाहेर सारली आणि दार लावून घेतलं. काकू घाबरून दारावर थापा मारू लागली, "अहो, दार का लावलंत?" आतून आवाज आला, "जरा शांतपणे बसू देशील का?" काकू स्टूलवर बसली आणि हसता हसता रडायला लागली.

दुखणं राहिलं, चिडचिडही राहिली. पण ते दार शेवटपर्यंत लागत राहिलं.

गेल्या रविवारी ग्रोसरी घेऊन काकूकडे गेले. वॉशरूमच्या दारात चप्पल अडकवलेली होती.

"काकू?"

"असू दे गं," आतून आवाज आला. "घर फार गप्प झालंय."

मी पिशव्या खाली ठेवल्या, स्टूल ओढलं आणि टायरवाल्याने किती वेळ बसवून ठेवलं होतं ते पहिल्यापासून सांगायला लागले. श्वास घ्यायला थांबले, तशी आतून हाक आली, "आहेस ना?"