वर्षालीची पेशंट

बेबीताईंची आणि माझी ओळख झाली ती फोनवरून, आणि तीही आजारी बाई म्हणून. रोज संध्याकाळी त्यांना नवा आजार व्हायचा. आज पोटात अल्सर, उद्या कावीळ, परवा गव्हाची पोळी खाल्ली की जुलाब. आणि हे सगळे आजार त्यांना त्यांच्या पोटच्या पोरीनेच दिलेले असायचे.

ही पोरगी म्हणजे माझी रूममेट वर्षाली. अकोल्यात आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. मी कृषी विद्यापीठात शिकत होते, ती एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होती आणि मेडिसिनमध्ये एकदा नापास झालेली होती. लेखी पेपर तिला बरे गेले होते. प्रॅक्टिकलला समोर जिवंत पेशंट आला आणि हिची गाळण उडाली. परीक्षकांनी तोंडावर सांगितलं, तू पेशंटला बोलूच देत नाहीस, प्रश्नामागून प्रश्न झाडत सुटतेस. ते तिच्या जिव्हारी लागलं. तेव्हापासून 'पुन्हा नापास झाली तं आणखी सहा महिने' हे वाक्य ती कपडे वाळत घालतानासुद्धा पुटपुटायची. पोटाचे विकार वाचता वाचता तिचं स्वतःचंच पोट बिघडलं होतं. जेवण समोर आलं की मळमळायचं, परीक्षेची तारीख निघाली की संडासाकडे धाव. मी तिच्यावर जाम चिडायचे. माणसाने भ्यावं, पण किती भ्यावं!

मग तिने सरावासाठी आईला धरलं. बेबीताई नांदगाव खंडेश्वरजवळच्या आपल्या शेतात वांगी, मेथी आणि झेंडू लावायच्या आणि बाजाराच्या दिवशी स्वतः दुकान मांडून बसायच्या. शेतातून घरी आल्या, हातपाय धुतले, की फोन. वर्षाली सकाळीच त्यांना त्या दिवसाची लक्षणं सांगून ठेवायची. संध्याकाळी फोन स्पीकरवर टाकून ती डॉक्टर व्हायची आणि आई पेशंट.

बाईंना नाटकाचं अंगच होतं. दरवेळी नवं नाव, नवं गाव.

"नाव सांगा."

"शांताबाई. नवरा पोलीस पाटील हाय, पण कामाचा नाही."

"काय त्रास होते?"

"पोट दुखून राहिलं व डॉक्टरीणबाई. उपाशी असलं का दुखते, घास खाल्ला का थांबते. अन् जावेचं तोंड पाह्यलं का पुन्हा दुखते."

"जाऊ सोडा, दुखणं सांगा!"

मी बाजूला बसून हसून हसून बेजार व्हायचे. वर्षालीही हसायची, आणि तेवढा वेळ तिचं पोट गप्प असायचं. मला तर वाटायचं की बेबीताई पेशंट होत नाहीत, इलाज करतात.

परीक्षा अगदी तोंडावर आली तेव्हा अन्नातल्या कमतरतांचा भाग सुरू झाला. कशाने रातांधळेपणा येतो, कशाने हाडं वाकतात, लोह कमी पडलं की नखं कशी होतात. एका संध्याकाळी आजार होता हिरड्यांतून रक्त येण्याचा. लिंबू-संत्र्यांतलं ते जीवनसत्त्व मिळालं नाही की होतो तो. बेबीताईंनी हिरड्यांचं सांगितलंच, पण पुढे बोलतच राहिल्या.

"अन् जीभ सोलल्यावानी आग मारते. पायात मुंग्या राह्यतात. तोंडाले साबण लावला अन् डोये मिटले का मले पडल्यासारखं होते, भिंत धरा लागते. खाली जमीन हाय का गादी हाय, पायाले समजतच नाही."

"आई, हे कुठून आणलं? आज फक्त हिरड्या हायेत. आपल्या मनचं घालू नको न त्यात!"

"मंग? पेशंट काय पुस्तक वाचून येते?"

आम्ही दोघीही खळखळून हसलो. वर्षाली म्हणाली, आई आता ओव्हरॲक्टिंग करून राहिली.

दोन दिवसांनी ती खिडकीत बसून बी-ट्वेल्व्हचं प्रकरण वाचत होती. मी चहा घेऊन आले तर तिचा चेहरा पांढराफटक. बोट एका ओळीवर ठेवलेलं.

"माधवी, मी आईले हे सांगतलं होतं का? डोळे मिटले का तोल जाते म्हणून?"

"नाही. तू हे आजच वाचून राहिली ना?"

तिने पान उलटलं, पुन्हा मागे आणलं. जीभ लाल होणं तिथे होतं. पायातल्या मुंग्या होत्या. पायाला जमीन न कळणं होतं. आणि खाली लिहिलं होतं की फार उशीर झाला तर नसांचं झालेलं नुकसान भरून येईलच असं नाही. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. आपण त्या दिवशी कशावर हसलो, ते मला कळलं.

तिने लगेच फोन लावला. पलीकडून नेहमीचा खुशीतला आवाज आला, "आज काय होऊन राहिलं मले?"

"आज पेशंट नाही व्हायचं. तू सांग, तुले मुंग्या येतात का?"

"मले? मले कायच्या मुंग्या! धडधाकट हाय मी. तू अभ्यास कर."

वर्षालीने तीन-चार तऱ्हांनी विचारलं. रागावली, रडकुंडीला आली. बाई ढिम्म. आई म्हणून त्या एक अक्षर सांगायला तयार नव्हत्या. आमच्याकडच्या बायका मोडलेल्या पायावर उभ्या राहून 'काही नाही झालं' म्हणतील. मला तर फोन हिसकावून घेऊन भांडावंसं वाटलं.

वर्षालीने डोळे पुसले आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "बरं. नाव सांगा."

पलीकडून हळूच, "शांताबाई."

"शांताबाई, पायाच्या मुंग्या कधीपासून हायेत?"

"दिवाळीच्याही आंधीपासून."

"खाता काय?"

"भाकर, भाजी, वरण. माळ हाय गळ्यात, मटण-अंडं नाही चालत."

"दूध घेता?"

"नाही."

"दही, ताक?"

"नाही व बाई."

"घरी म्हैस हाय ना तुमच्या? मंग काहून नाही घेत?"

यावेळी वर्षालीने पुढचा प्रश्न टाकला नाही. ओठ दाबून नुसती थांबली. फोनमधून कुठल्या तरी टीव्हीचा आवाज येत होता.

"सोडलं," बेबीताई म्हणाल्या. "माही पोरगी डॉक्टरीले लागली ना, तवा कौंडण्यपूरले गेलती. रुख्मिनीमायपुढं बोलली, पोरगी डॉक्टर होईलोक दूधदुभतं तोंडात घालणार नाही. झालंच असतं एव्हाना. पण ते एका विषयात अटकली. भेते बिचारी. तिले सांगू नका डॉक्टरीणबाई, तिची परीक्षा हाय."

वर्षालीने फोन पलंगावर उपडा ठेवला आणि उशीत तोंड खुपसलं. मी घाईघाईने "काकू, नंतर लावतो" म्हणून तो बंद केला. तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. मांस नाही, अंडी नाहीत, म्हणजे त्या बाईच्या शरीराला हे जीवनसत्त्व मिळण्याची एकच वाट होती, दुधाची. ती त्यांनी पोरीसाठी बंद केली होती. आणि पोरगी नापास झाली तेव्हा ती बंदी आणखी लांबली होती.

आमच्या घरात नवस बोलत नाहीत. आजोबांच्या काळापासून देवच नाहीत घरात. त्यामुळे मला त्या नवसाचा संतापच आला. पण संताप करायचा कोणावर? त्या बाईवर तर करवेना.

दुसऱ्या दिवशी आम्ही रेल्वेने बडनेरा आणि तिथून एसटीने नांदगाव गाठलं. बेबीताईंना प्रत्यक्ष मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आवाजावरून थोराड वाटलेली बाई अगदी किरकोळ अंगाची निघाली. दारातून आमच्याकडे येताना त्या पायाकडे बघत चालत होत्या, प्रत्येक पाऊल नीट पाहून टाकत. वर्षालीने ते पाहिलं आणि माझा हात घट्ट धरला. अमरावतीला नेऊन रक्त तपासलं. जे कमी निघायचं तेच कमी निघालं. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. म्हणाले, मुंग्या कमी होतील, जिभेची आग जाईल, पायांचं मात्र हळूहळू कळेल. आणि दूध-दही सुरू करा.

इंजेक्शनला बाईंनी मुकाट्याने दंड पुढे केला. दह्याला मात्र नाही म्हणाल्या.

"आता परीक्षा तं आली. तेवढी होऊ दे."

"अन् मी नापास झाली तं?" वर्षालीने विचारलं.

"तं आणखी सहा महिने," त्या म्हणाल्या. वांग्याचा भाव सांगावा तितक्या सहज.

वर्षाली उठली. "मंग मी परीक्षेलेच बसत नाही. माह्या नावानं तू उपाशी राह्यशील अन् मी तिथं पेशंटले विचारीन काय खाता म्हणून? नाही होत मले."

बेबीताईंनी तिच्याकडे पाहिलं. पोरगी खरं बोलतेय हे त्यांना कळलं असावं. त्या आत गेल्या, वाटीत दही घेऊन आल्या, कौंडण्यपूरच्या दिशेने हात जोडले आणि आमच्यासमोर उभ्यानेच ते संपवलं. औषध घेतल्यासारखं. मग वाटी विसळायला गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत.

मला वाटलं, सुटलो. पण नाही. आता भीतीने घर बदललं होतं. वर्षालीचं पोट ठीक झालं, ती खडाखड वाचायला लागली, आणि बेबीताईंची जेवणावरची वासना उडाली. रोज फोन. पेशंट व्हायला नाही, विचारायला. अभ्यास झाला का, तब्येत बरी आहे का, काही विसरत तर नाहीस? दह्याचं नाव कोणी काढत नव्हतं.

प्रॅक्टिकलच्या दिवशी त्यांना घरी राहवलं नाही. सकाळीच अकोल्याला आल्या. वर्षाली आत गेली आणि आम्ही दोघी दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बसलो. त्यांनी सोबत डबा आणला होता, तो उघडला नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, एवढंच चाललं होतं.

"माधवी, तुमच्यात नवस नसते ना?"

"नाही, काकू."

"मंग तूच सांग मले. आज तिचं काही बिनसलं, तं ते दह्यानं नाही बिनसलं, असं सांगशील?"

"सांगीन की. शंभर वेळा सांगीन."

त्या जरा हसल्या. "अन् मले पटन का?"

मी फटकळ आहे, पण त्या क्षणी मला खरं बोलवलं नाही आणि खोटंही बोलवलं नाही. आयुष्यात कुणापुढे काही मागितलं नव्हतं मी. त्या लिंबाखाली मात्र, ती पास होऊ दे, निदान या वाटीभर दह्यासाठी तरी होऊ दे, असं कोणाला तरी म्हणत बसले होते.

दरवाज्यातून पांढऱ्या एप्रनमधली पोरं एकेक करून बाहेर यायला लागली. बेबीताई उठल्या नाहीत. मलाच म्हणाल्या, "तू पाह्य तिचं तोंड. मले नाही पाहवत."