लोणारच्या काठी द्वारका

भोजनोत्तर वामकुक्षीची वेळ. मिटत्या डोळ्यांवर उन्हाची साय धरते आहे. स्वयंपाकघरात बरणी सरकल्याचा आवाज होतो आणि मला कळते, द्वारका आली आहे. माझी पत्नी दिवंगत आहे, हेही मला ठाऊक असते. तरी आश्चर्य वाटत नाही.

मी उठून दाराशी जातो. ओट्यापुढची फरशी पांढरी, करकरीत लागते. पुढच्याच पावलाला ती लोणार सरोवराचा काठ झालेली असते. वैशाखात पाणी मागे सरले की उघडा पडणारा तो खाराचा पट्टा. नव्या संसारात आम्ही दोघे हे सरोवर पाहावयास आलो होतो; आता ते अभयारण्य आहे. वरच्या रानात मोर ओरडतो. उथळ पाण्यात लांब पायांचे शेकाटे पक्षी निश्चल उभे आहेत.

द्वारका उकिडवी बसून एक स्फटिक उचलते.

"अगं, ठेव तो. वनरक्षक दंड करील."

"मला?" ती खळखळून हसते. "करू दे की! पावती कोणाच्या नावे फाडणार?"

मी शेजारी बसतो. "हा कोणी घडवीत नाही. पाणी निघून जाते आणि त्यात जे विरघळलेले असते, तेच आकार घेते."

"झाली पाठशाळा सुरू!"

मी धीर करतो. लग्नात उखाणा घेताना ती माझ्या नावापाशी अडली आणि आत पळाली. पुढे जन्मभर 'अहो'च. आई गेली, थोरले बंधू गेले. आता कोणाचा मी अप्पा, कोणाचा गुरुजी. माझे नाव मलाच परके होत चालले आहे.

"द्वारके, एकदा माझे नाव घे."

"इश्श! वय काय आपलं?"

"जन्मभर लाजलीस. आता तरी?"

पाणी हलकेच पुढे येते. त्यात आमच्या देवघरातली समई तेवते आहे. द्वारका तिच्याकडे पाहत राहते.

"लाज कसली हो? नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य उणं होतं, असं आई सांगायची."

मी म्हणतो, "आता उणे झाले तर काय बिघडले?"

"ते ठरवणं तुमच्याकडे नाही ठेवलेलं," ती दटावते. "आणा हात इकडे. बोलायचं नाही, लिहायला कोणी बंदी केली आहे?"

स्फटिकाचे टोक तळहातावर थंडगार फिरते.

"अप्पा, चहा आणलाय." सून उशाशी उभी आहे. "हे हाताला काय लागलंय? धुऊन टाका आधी."

मी मूठ उघडतो. पांढऱ्या, खरखरीत रेघांत तिच्या वळणदार अक्षराने माझे नाव लिहिलेले आहे.