टेबलाची खालची बाजू

आमचे काका सुतार होते, आणि अव्वल दर्जाचे भित्रे. घराबाहेर पडताना कडी तीनदा ओढून बघायचे. पाल दिसली की स्टुलावर चढायचे. "अहो, त्यानं तुम्ही तिच्या आणखी जवळ जाता," असं काकूनं जन्मभर समजावलं, पण व्यर्थ.

मरणाला तर ते इतके घाबरायचे, की मेल्यावर गोठवून ठेवणाऱ्या एका संस्थेत त्यांनी नाव घातलं. तिथं एकट्यानं पडायचीही भीती, म्हणून काकूचंही.

तीस वर्षांनी संस्थेनं दोघांना जागं केलं. शरीरं कामाची उरली नव्हती, म्हणून मेंदूतलं सगळं उचलून संगणकात उभ्या केलेल्या एका घरात त्यांना नांदायला ठेवलं. आधी काका, महिन्यानं काकू. मी त्यांचा पुतण्या, आता सत्तरीचा. पडद्यावरून त्यांच्याशी बोलतो.

परवा काका पडद्याला नाक लावून कुजबुजले, "अरे, मी टेबलाखालून हात फिरवला."

ही त्यांची जुनी खोड. दुसऱ्याच्या कामाची पारख ते खालच्या बाजूनं करायचे.

"खाली लाकूडच नव्हतं रे. काहीच नव्हतं. हात लागला आणि मग आलं."

माझ्या अंगावर काटा आला.

"आणि तुझी काकू! इथं आल्यापासून दोन दिवसांत दोनदा 'बरोबर आहे तुमचं' म्हणाली."

आता मात्र मी खरंच घाबरलो.

"मला खूश ठेवायला यांनी माझ्याच आठवणींतून ही बाई बनवली असली तर? मी तिला सागाची पेटी करून दिली होती बघ. आत काय ठेवते, ते मला कधी कळू दिलं नाही. माझ्या डोक्यात नाही ते हिनं सांगितलं, तरच ही ती."

पेटी माझ्याकडेच होती, कुलूपबंद. मी ती पुढ्यात घेतली. काकांनी हाक मारली. काकू आली.

"पेटीत? तुमच्या पेन्सिली," ती म्हणाली. "कानावर ठेवून झोपायचात, मी काढून घ्यायची. मग सकाळी 'अगं, माझी पेन्सिल?' करत घरभर माझ्यामागे फिरायचात. एरवी कुठे बोलायचात माझ्याशी?"

मी पक्कड उचलली.

"कुलूप तोडू नकोस, गाढवा!" काका ओरडले. "बिजागरीचे स्क्रू काढ!"

मी पेचकस आणला, पण गंजलेले स्क्रू निघता निघेनात. शेवटी झाकण उघडलं. आत घडी घातलेला रुमाल. नुसता रुमाल.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी काकूपासून खुर्ची सरकवली. काकू त्या सरकलेल्या खुर्चीकडे बघत राहिली.

मी रुमाल उचलला. खाली चपट्या, लाल पेन्सिली. टोकं दातांनी चावलेली. शंभरेक तरी असतील.

मी पेटीच पडद्यासमोर धरली. काका लहान मुलासारखे रडले.

"मग 'बरोबर आहे' का म्हणालीस?"

"इतक्या वर्षांनी भेटलात, म्हटलं दोन दिवस लाड करावेत. संपले ते."

काकांनी डोळे पुसले, आणि एकदम थबकले. "अगं, पण मग मी? मी खरा कशावरून?"

"बनवायचाच होता, तर इतका भित्रा कोण बनवेल?"

काका हसले. एक हात मात्र अजून टेबलाखालीच होता.